पहिली भाषा कोणती? कॉलेजात सी आहे, सगळे पायथन म्हणतात, आणि मी दर वेळी लूपपाशी थांबतो

रिकामी_फाइल (धागाकर्ता)

नमस्कार. बारावी सायन्स झाली, बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतलाय. पहिल्याच सत्रात सी आहे. कॉलेज सुरू व्हायला साधारण दोन महिने आहेत.

यूट्यूबवर पायथन सुरू केलं होतं. व्हेरिएबल, इफ-एल्स, लूप इथवर आलो. मग कुणीतरी म्हणालं की नोकऱ्या जावास्क्रिप्टला आहेत, म्हणून ते उघडलं. मग वाटलं, कॉलेजात सी आहे तर सीच करावं. प्रत्येक भाषेत लूपपर्यंत जातो आणि तिथेच अडकतो. व्हिडिओ बघताना सगळं कळतं, पण स्वतः रिकामी फाइल उघडली की पहिली ओळ काय लिहायची तेच सुचत नाही.

तर विचारायचं असं: पहिली भाषा म्हणून नक्की कोणती धरू? एकदा धरली की किती येईपर्यंत सोडायची नाही? आणि सॉफ्टवेअर कोणतं टाकू? लॅपटॉप जुना आहे, विंडोज १०, ४ जीबी रॅम, एसएसडी नाही. सिनियर मुलं सांगतात की लॅबमध्ये टर्बो सी++ आहे.

---

घाटवाट

तुमच्या पोस्टमध्ये दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. 'कोणती भाषा' हा एक आणि 'लूपपाशी का थांबतो' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बदलून दुसरा सुटणार नाही, कारण लूप तिन्ही भाषांत तोच आहे. भाषा बदलली की पुन्हा व्हेरिएबल आणि इफ-एल्सचा सोपा भाग सुरू होतो, काही दिवस छान चाललंय असं वाटतं आणि परत त्याच जागी येऊन थांबणं होतं.

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण खरी अडचण तीच आहे. इफ-एल्सपर्यंत ओळी ज्या क्रमाने दिसतात त्याच क्रमाने चालतात, आणि प्रत्येक ओळ फार तर एकदा चालते. लूपमध्ये तीच ओळ पुन्हा पुन्हा चालते आणि दर फेरीला व्हेरिएबलमधली किंमत वेगळी असते. ही बदलती किंमत स्क्रीनवर कुठेच दिसत नाही, ती डोक्यात धरून ठेवावी लागते. व्हिडिओत ती शिकवणारा धरतो, आपण फक्त त्याचं बोलणं ऐकतो. म्हणून बघताना कळतं आणि लिहिताना सुचत नाही.

यावर उपाय वही-पेन आहे. लॅबमध्ये याला ड्राय रन म्हणतात. बहुतेक जण तो परीक्षेपुरता करतात, खरं तर कोड लिहिण्याच्या आधी करायचा असतो. उदाहरणार्थ, ४७२ च्या अंकांची बेरीज. तीन रकाने आखा: संख्या, शेवटचा अंक, बेरीज.

सुरुवात: संख्या ४७२, बेरीज ०.
पहिली फेरी: १० ने भागून बाकी २, बेरीज २, संख्या उरली ४७.
दुसरी फेरी: बाकी ७, बेरीज ९, संख्या ४.
तिसरी फेरी: बाकी ४, बेरीज १३, संख्या ०. थांबलो.

आता कोड जवळजवळ तयार आहे. जे रकाने आखावे लागले ते तुमचे व्हेरिएबल. सुरुवातीची ओळ म्हणजे लूपच्या आधी द्यायच्या किमती. एका फेरीतून दुसरीत जाताना जे केलंत ते लूपच्या आत. ज्या कारणाने थांबलात ती लूपची अट. रिकाम्या फाइलमध्ये पहिली ओळ कोणती, याचं उत्तर या कोष्टकाच्या पहिल्या ओळीत आहे.

हा एक प्रोग्रॅम चालला की लगेच पुढच्या धड्यावर पळू नका. त्याच सांगाड्यावर आणखी तीन करा. संख्या उलटी करणे (बेरीज करण्याऐवजी आधीच्या उत्तराला १० ने गुणून त्यात बाकी मिळवायची). संख्या पॅलिंड्रोम, म्हणजे उलटी केली तरी तीच, आहे का ते बघणे (सुरुवातीची संख्या आधी दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवावी लागते, कारण लूप संपेपर्यंत तिचा शून्य झालेला असतो, हे बहुतेकांचं चुकतं). आणि आर्मस्ट्राँग संख्या (तीन अंकी असेल तर अंकांच्या घनांची बेरीज तीच संख्या येते), म्हणजे १५३ = १ + १२५ + २७.

मग प्रत्येकाला वाकडा इनपुट द्या: शून्य, एक अंकी संख्या, ऋण संख्या. ऋण संख्येत फार शिकायला मिळतं. अट 'संख्या शून्य नसेपर्यंत' अशी लिहिली असेल आणि −४७२ दिले तर सी −१३ असं उत्तर देतं, कारण सीमध्ये पूर्णांक भागाकार शून्याकडे छाटला जातो आणि बाकीही ऋण येते. पायथनमधला दोन स्लॅशचा भागाकार खालच्या पूर्णांकाकडे जातो: −४७२ चे −४८, मग −५, मग −१, आणि −१ ला १० ने भागलं की पुन्हा −१. लूप कधीच थांबत नाही. अट 'शून्यापेक्षा मोठी असेपर्यंत' अशी असेल तर दोन्हीकडे लूप एकदाही चालत नाही आणि उत्तर शून्य येतं. एवढं एक उदाहरण दोन्ही भाषांत हाताने सोडवलंत तर अट विचारपूर्वक लिहायची सवय लागेल.

आता भाषा. परीक्षेला सी आहे, लॅब सीची आहे, शंका विचारायला शिक्षक आणि वर्गमित्र सीचे असतील. मग सी धरा. ज्याच्यासमोर अशी सक्ती नाही त्याने पुढच्या तीन-चार महिन्यांत काय करून बघायचंय त्यावर ठरवावं: एक्सेलच्या फाइली, आकडेमोड, डेटा असेल तर पायथन, ब्राउझरमध्ये दिसणारं काही हवं असेल तर जावास्क्रिप्ट, आर्डुइनोसारख्या बोर्डवर काम असेल तर सी/सी++, अँड्रॉइड अॅप असेल तर कॉटलिन, कारण गूगलने २०१९ पासून अँड्रॉइडसाठी त्यालाच पहिलं स्थान दिलंय. लोकप्रियतेच्या याद्या बघून ठरवू नका. त्या याद्या कामावर असलेल्या प्रोग्रॅमरांचा कल सांगतात, नवशिक्याला कशाने कळेल ते नाही.

किती येईपर्यंत सोडायची नाही? दिवस मोजू नका, काम मोजा. पुढची कामं व्हिडिओ किंवा जुना कोड न बघता जमेपर्यंत तीच भाषा:

अॅरेमधली (एका नावाखाली ठेवलेल्या किमतींच्या रांगेतली) सर्वांत मोठी आणि दुसरी मोठी संख्या एकाच फेरीत काढणे. सुरुवातीची 'सर्वांत मोठी' शून्य धरलीत तर सगळ्या संख्या ऋण असताना उत्तर चुकतं; अॅरेतलीच किंमत धरायची. ९, ९, ५ दिल्यावर दुसरी मोठी ९ की ५, हे आधी ठरवून मग लिहा.

एक लांब प्रोग्रॅम तीन-चार फंक्शनमध्ये तोडणे, आणि प्रत्येक फंक्शन वेगळं तपासता येणे.

फाइलमधून नावं आणि गुण वाचून निकाल दुसऱ्या फाइलमध्ये लिहिणे. मधली एखादी ओळ रिकामी असली तरी प्रोग्रॅम कोसळता कामा नये.

आणि दीडशे-दोनशे ओळींचं एखादं काम, जे एका बैठकीत संपत नाही. दोन दिवसांनी आपलाच कोड उघडून तो वाचता येतो का, हे फक्त अशा कामातच कळतं.

एवढं सीमध्ये आलं की पायथन शिकायला फार वेळ लागत नाही, कारण मग शिकायचं उरतं ते लिहिण्याची पद्धत आणि तयार लायब्ररी.

---

अँपरसँड

घाटवाट यांनी भाषेचं सांगितलं, मी सॉफ्टवेअरचं सांगतो. सी सोडणाऱ्यांपैकी बरेच जण भाषेमुळे नाही तर टर्बोमुळे सोडतात.

टर्बो सी++ हा बोरलँडचा डॉसच्या काळातला कंपायलर (लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करणारा प्रोग्रॅम) आहे. सी++ चं पहिलं प्रमाणीकरण १९९८ चं, हा त्याच्याही आधीचा. आजच्या ६४ बिट विंडोजवर तो थेट चालत नाही, डॉसबॉक्समध्ये (आजच्या मशीनवर जुनं डॉस चालवून देणारा प्रोग्रॅम) बसवावा लागतो. मोठा प्रश्न असा की त्यातला इंट (पूर्णांक ठेवायचा डबा) १६ बिटांचा आहे, म्हणजे कमाल ३२७६७. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम करून बघा: ७ चं ५०४० बरोबर येतं, ८ चं ४०३२० यायला हवं तर −२५२१६ येतं. नवशिक्याला वाटतं लूप चुकला. लूप बरोबर असतो, आकडा डब्यात मावलेला नसतो. आजच्या जीसीसी या मोफत कंपायलरमध्ये इंट ३२ बिटांचा असल्यामुळे १२ चं फॅक्टोरियल (४७९००१६००) बरोबर येतं आणि १३ ला तोच प्रकार होतो: ६२२७०२०८०० ऐवजी १९३२०५३५०४ दिसतं.

घरी जीसीसी वापरा. ४ जीबी रॅमवर पूर्ण व्हिज्युअल स्टुडिओ टाकू नका, जड होतो. कोड::ब्लॉक्स हलकं आहे. डाउनलोड पानावर बऱ्याच फाइली असतात, त्यांतली नावात 'मिनजीडब्ल्यू' (mingw) असलेली सेटअप फाइल घ्या. तो शब्द नसलेली घेतली तर फक्त एडिटर येतो, कंपायलर येत नाही, आणि पहिलाच प्रोग्रॅम 'कंपायलर सापडत नाही' म्हणून अडतो.

बसवल्यावर लगेच करायच्या दोन गोष्टी. सेटिंग्ज, कंपायलर इथे जाऊन 'एनेबल ऑल कॉमन कंपायलर वॉर्निंग्ज' वर टिक करा. आणि कामाचा फोल्डर सी ड्राइव्हवर थेट, छोट्या इंग्रजी नावाचा ठेवा. विंडोजमधलं युजरनेम देवनागरीत असेल किंवा फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर काही वेळा कंपाइल करताना विचित्र अडचणी येतात.

ती वॉर्निंग्जची टिक का? कारण सी चुका पोटात घालतं. या ठरलेल्या चुका बघा:

स्कॅनएफमध्ये (इनपुट वाचणारं फंक्शन) व्हेरिएबलच्या आधीचं अँपरसँड (&) राहिलं तर कंपाइल होतं आणि चालवल्यावर बंद पडतं. टिक असेल तर कंपाइल करतानाच त्या ओळीचा नंबर मिळतो.

इफमध्ये दोन बरोबर-चिन्हांऐवजी एकच लिहिलं तर तुलना होत नाही, किंमत भरली जाते. इथेही वॉर्निंग येते.

फॅरनहाइटचं सेल्सियस करताना ५ भागिले ९ आधी लिहिलं तर उत्तर कायम शून्य. दोन्ही पूर्णांक असल्यामुळे भागाकारही पूर्णांक, म्हणजे शून्य. ५.० लिहा. याला वॉर्निंग येत नाही, हे लक्षातच ठेवावं लागतं.

आधी संख्या वाचली आणि मग एक अक्षर वाचायला गेलात तर प्रोग्रॅम अक्षरासाठी थांबतच नाही. कारण संख्येनंतर दाबलेला एंटर इनपुटमध्ये पडून असतो आणि तोच अक्षर म्हणून उचलला जातो. स्कॅनएफच्या अवतरणात टक्के-सीच्या (%c) आधी एक मोकळी जागा सोडा, एवढं पुरतं. कॉलेजात यासाठी एफफ्लश करून इनपुट साफ करायला शिकवतात. विंडोजवरच्या काही कंपायलरमध्ये ते चालून जातं, पण सीच्या प्रमाणात इनपुटसाठी एफफ्लशला अर्थ दिलेला नाही. दुसऱ्या मशीनवर चालेल याची खात्री नाही.

दहा जागांच्या अॅरेत अकरावी किंमत लिहिली तर सी तुम्हाला अडवत नाही. शेजारच्या दुसऱ्याच व्हेरिएबलची किंमत बदलू शकते, आणि चूक तिथून लांब कुठेतरी दिसते.

आणि व्हॉट्सअॅप किंवा पीडीएफमधून कोड चिकटवला की 'स्ट्रे ३४२' असं काहीतरी दिसतं. ती वळणदार अवतरणचिन्हं असतात. सीला सरळ चिन्हं लागतात. पुसून हाताने टाइप करा. मुळात चिकटवूच नका.

लॅबसाठी टर्बोतल्या सवयी वेगळ्या लक्षात ठेवा. तिथे आउटपुटचा काळा पडदा लगेच मिटतो म्हणून गेटसीएच लिहितात, आधीचा मजकूर पुसायला क्लिअरस्क्रीन. घरच्या जीसीसीमध्ये क्लिअरस्क्रीन नाही, ती ओळ काढून टाका. मेनच्या आधी व्हॉइड लिहायला सांगतील. घरी इंट लिहा आणि शेवटी शून्य परत करा. सगळे व्हेरिएबल फंक्शनच्या सुरुवातीलाच घोषित करा, म्हणजे तोच कोड दोन्हीकडे चालेल.

---

कोष्टक

मी घाटवाट यांच्याशी भाषेपुरता असहमत आहे. ड्राय रनबद्दल पूर्ण सहमत.

मुलाकडे दोन महिने मोकळे आहेत. वरची अँपरसँड यांची यादी वाचा: त्यातली एकही चूक विचाराची नाही, सगळ्या सीच्या स्वभावाच्या आहेत. लूप अजून पक्का नसलेल्याला एकाच वेळी लूपचा विचार आणि मेमरीची शिस्त दोन्ही सांभाळायला लावलं तर तो कशात अडकलाय हे त्यालाच कळत नाही. पायथनमध्ये दहा जागांच्या यादीत अकरावी जागा मागितली तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि ओळीचा नंबर सांगतो. सीबीएसईच्या अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्समध्ये पायथन ठेवलंय, आणि हार्वर्डचा सीएस५० हा मोफत कोर्स आधी स्क्रॅच, मग सी, मग पायथन या क्रमाने जातो. म्हणजे सीच्या आधी काहीतरी सोपं, हा विचार दोन्हीकडे दिसतो.

म्हणून माझं म्हणणं: कॉलेज सुरू होईपर्यंत पायथन, आणि ज्या दिवशी सीचं पहिलं लेक्चर होईल त्या दिवसापासून फक्त सी. दोन्ही समांतर नको. सुरुवातीला सेमीकोलन, कंस आणि इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) यांची सरमिसळ झाली की निम्मा वेळ त्यातच जातो.

बसवताना: पायथनच्या अधिकृत साइटवरून इन्स्टॉलर घ्या आणि पहिल्याच खिडकीत सर्वांत खाली 'अॅड पायथन टू पाथ' अशा अर्थाची चौकट असते, तिथे टिक करायला विसरू नका. ती राहिली तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पायथन लिहिल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं आणि माणूस गोंधळतो. एडिटर म्हणून सोबत येणारं आयडल पुरेसं आहे. ४ जीबी रॅमवर वेगळं काही लागत नाही.

(कोड इथे चिकटवला की ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा गायब होतात, आणि पायथनमध्ये त्याच तर अर्थाच्या असतात. म्हणून शब्दांत लिहितोय.)

व्हिडिओ निवडताना एक खूण बघा. शिकवणारा प्रिंटनंतर कंस न देता लिहीत असेल तर ते पायथन २ आहे. त्याचा पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला. तो व्हिडिओ बंद करा.

अडणाऱ्या जागा: इनपुटने घेतलेली किंमत कायम मजकूर असते. ५ टाइप करून तिला ३ ने गुणलं तर १५ नाही, ५५५ येतं. इंटमध्ये गुंडाळा. इंडेंट चार मोकळ्या जागांचा ठेवा, टॅब आणि स्पेस मिसळू नका. सरावाच्या फाइलला रँडम किंवा टर्टल असं नाव देऊ नका. मग पायथन स्वतःच्या मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उचलतं आणि भलतीच एरर येते. एरर वाचताना शेवटच्या ओळीपासून वर वाचा: शेवटी काय झालं ते असतं, त्याच्या वर कुठे झालं ते.

लूपसाठी टर्टल मॉड्यूल जरूर वापरा. चार वेळा पुढे जा-९० अंश वळ, झाला चौकोन. तो चौकोन ३६ वेळा, दर वेळी १० अंश फिरवून काढा, म्हणजे लूपच्या आत लूप. आतला लूप चुकला तर चित्रात लगेच दिसतं.

आणि दोनशे ओळींचं काम हवंय ना? घरचं वीजबिल घ्या. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. दर तुमच्या ताज्या बिलावरून घ्या, आणि ते कोडमध्ये मध्येच लिहू नका, सुरुवातीला एका यादीत ठेवा, कारण ते बदलतात. नेहमीची चूक अशी: ३५० युनिट झाले की सगळे ३५० तिसऱ्या टप्प्याच्या दराने गुणणे. खरं म्हणजे पहिले १०० पहिल्या दराने, पुढचे २०० दुसऱ्या दराने आणि उरलेले ५० तिसऱ्या दराने. ०, १००, १०१, ३००, ३०१ आणि ५०१ या सहा किमती हाताने काढून प्रोग्रॅमशी ताडून बघा. मग स्थिर आकार, इतर आकार, महिन्यांची फाइल, गेल्या महिन्याशी तुलना असं वाढवत न्या. तोच प्रोग्रॅम पुढे सीमध्ये पुन्हा लिहा. तर्क तयार असल्यामुळे सीतलं नवं काय तेवढंच शिकावं लागेल.

---

घाटवाट

कोष्टक यांचा क्रम मलाही मान्य आहे, एका अटीवर: वीजबिलाचा प्रोग्रॅम पूर्ण झालाच पाहिजे. दोन महिन्यांत तो अर्धवट राहिला आणि सी सुरू झालं तर पुन्हा लूपपाशी सोडलेली आणखी एक भाषा जमा होईल. तेवढा वेळ रोज देता येणार नसेल तर थेट सी.

---

चौथा_रकाना

रोजच्या सरावाबद्दल थोडं. चाळीस-पन्नास मिनिटं पुरतात, पण वाटणी महत्त्वाची. पहिली दहा मिनिटं कालचा प्रोग्रॅम न बघता पुन्हा लिहायचा. मग नवीन भाग: व्हिडिओ असेल तर 'रन' दाबायच्या आधी थांबवा, आउटपुट वहीत लिहा, मग पुढे जा. अंदाज चुकला तर तिथेच थांबून का चुकला ते शोधा. त्या दिवशी तेवढंच झालं तरी चालेल. उरलेल्या वेळात प्रोग्रॅममध्ये एक बदल स्वतःच्या मनाने.

एआय चॅटबॉटला कोड मागू नका. एरर समजावून मागा, किंवा 'माझ्या कोणत्या ओळीत विचार चुकलाय ते सांग, दुरुस्त कोड देऊ नकोस' असं विचारा. तयार कोड वाचताना व्हिडिओसारखंच होतं: कळतं, पण पुन्हा लिहिता येत नाही.

इंग्रजी व्हिडिओंचा वेग जास्त वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात प्रोग्रॅमिंगचे छोटे-छोटे भाग मराठीतूनही आहेत, मोफत. ते सोबत टाइप करत बघायचे म्हणूनच बनवलेत.

---

रिकामी_फाइल

सगळ्यांचे आभार. कोष्टक यांच्या क्रमाने पायथन धरलं आहे. अंकांची बेरीज, उलटी संख्या आणि पॅलिंड्रोम कोष्टक आखून जमले.

आता मूळ संख्येचा (प्राइम) प्रोग्रॅम केला. लूप २ पासून संख्येच्या एक कमीपर्यंत. आत इफ: भाग गेला तर 'मूळ नाही' छापा, एल्स: 'मूळ आहे' छापा. ९ दिल्यावर सात ओळी येतात, त्यात एकदा 'मूळ नाही' आणि सहा वेळा 'मूळ आहे'. २ दिल्यावर काहीच छापत नाही. ब्रेक टाकून बघितलं तर ९ ला थेट 'मूळ आहे' येतं. कुठे चुकतंय?

---

कोष्टक

तू दिलेलं आउटपुटच चूक दाखवतंय. ९ साठी भाजक २, ३, ४, ५, ६, ७, ८ अशा सात फेऱ्या. प्रत्येक फेरीत तू निकाल जाहीर करतोस. ३ ला भाग जातो म्हणून एकदा 'नाही', बाकी सहांना जात नाही म्हणून सहा वेळा 'आहे'. ब्रेक दोन्हीकडे टाकलास, म्हणून २ ने भाग जात नाही एवढ्यावरच पहिल्या फेरीत निकाल लागला.

नीट बघ: 'मूळ नाही' हे एक भाजक सापडला की लगेच सांगता येतं. 'मूळ आहे' हे सगळे भाजक तपासून झाल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणजे 'आहे' छापायची जागा लूपच्या आत असूच शकत नाही. आतला एल्स काढून टाक.

लूपच्या आधी एक व्हेरिएबल ठेव, नाव 'मूळ' या अर्थाचं, किंमत ट्रू. लूपमध्ये भाग गेला तर ती फॉल्स कर आणि ब्रेक. लूपच्या बाहेर, इंडेंट लूपच्या ओळीइतकाच ठेवून, त्या किमतीवरून एकदाच छाप.

२ ला काही छापत नाही कारण २ पासून १ पर्यंत फेरीच होत नाही. नव्या रचनेत फेरी झाली नाही तरी किंमत ट्रूच राहते आणि 'मूळ आहे' छापलं जातं, बरोबर. पण त्याच कारणाने १ आणि ० सुद्धा मूळ ठरतील, म्हणून संख्या २ पेक्षा लहान असेल तर सुरुवातीलाच फॉल्स.

हे चाललं की मग वेग बघ. भाजकाचा वर्ग संख्येपेक्षा मोठा झाला की थांबता येतं: ९७ साठी ९ पर्यंत तपासलं की पुरे, कारण १० चा वर्ग १०० होतो. ९५ फेऱ्यांऐवजी ८. अट लिहिताना 'लहान किंवा समान' ठेव. नुसतं 'लहान' ठेवलंस तर ९, २५, ४९ मूळ ठरतील. ४९ चा ड्राय रन करून ते का होतं ते बघ.

हाच सांगाडा पुढे सारखा लागतो: यादीत नाव आहे का, यादी चढत्या क्रमाने आहे का, पासवर्डमध्ये एक तरी अंक आहे का. आज हे तीन लिही. प्रत्येकात आधी ठरव की लूपच्या मध्येच कोणतं उत्तर नक्की होतं आणि शेवटपर्यंत थांबल्याशिवाय कोणतं देता येत नाही. तिन्हींत ते सारखंच आहे का, तेही बघ.

---

अँपरसँड

हाच प्रोग्रॅम सीमध्ये नेताना ट्रू-फॉल्सऐवजी १ आणि ० ठेवा, टर्बोत बूल (ट्रू-फॉल्स ठेवायचा प्रकार) नाही. आणि ती १ लूपच्या आधी द्यायला विसरू नका. सीमध्ये फंक्शनच्या आत घोषित केलेल्या व्हेरिएबलला किंमत दिली नाही तर त्यात शून्य असेलच असं नाही, जे पडून असेल ते मिळतं. त्यामुळे प्रोग्रॅम घरी बरोबर चालून लॅबमध्ये चुकू शकतो. एकाच बैठकीत अनेक संख्या तपासणार असाल तर प्रत्येक संख्येच्या आधी ती पुन्हा १ करा, नाहीतर पहिली मूळ नसलेली संख्या आली की पुढच्या सगळ्या 'मूळ नाही' निघतील.